नंबरताईंची पाच बिऱ्हाडं

चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात जी बाई तेवीस वर्षं काचा तपासत बसली, तिलाच बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागावा, हा विनोद आहे खरा. पण तो नंबरताईंच्या तोंडावर करायची सोय नव्हती. नवीन आलेला एखादा करायचा, आणि एकदाच करायचा.

नंबरताई हे काही त्यांचं नाव नव्हे. तपासणीच्या टेबलावर दिव्याखाली काच धरली की त्या यंत्राच्या आधी तिचा नंबर सांगत, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. दिवसाला चारशे काचा. ओरखडा, बुडबुडा, एका बाजूला कललेला नंबर, सगळं पकडायचं. पन्नाशीला डोळ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "दिव्याखालचं बारीक काम बंद करा, नाहीतर आहे तेवढीही नजर जाईल." थोरल्या मालकांना नंबरताईंनी हे खाजगीत सांगितलं, आणि थोरल्यांनी ते पोटात ठेवलं. त्याच महिन्यात कारखान्यात एक मोठा सर्व्हर आला. त्याच्याबरोबर विटेएवढं जाड माहितीपुस्तक होतं, आणि ते उघडायला कुणी तयार नव्हतं. नंबरताईंनी ते भिंग लावून पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. पदवी रसायनशास्त्राची, पण वाचायची सवय ती सवय. शिवाय पडद्यावरचं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ही गोष्ट त्यांना फार आवडली. कॉम्प्युटरची खोली त्यांच्याकडे आली ती अशी. त्याला आता चार वर्षं झाली.

खोली म्हणजे पूर्वीची झाडू-फडक्यांची कोठी. एक खिडकी, तीसुद्धा घासकामाच्या दालनात उघडणारी. मधोमध कपाटाएवढा सर्व्हर रात्रंदिवस घूं-घूं करत असे. त्या एका डब्यात पाच कॉम्प्युटर राहायचे. खरे नव्हेत, व्हर्च्युअल मशीन म्हणतात ती. हातात धरता येत नाहीत, पण प्रत्येकाचं काम वेगळं, दार वेगळं, तंत्र वेगळं. कामगारांना हे समजावताना नंबरताईंनी एकदा सांगून टाकलं, "एका घरात पाच बिऱ्हाडं आहेत असं समजा. घर पडलं तर सगळे उघड्यावर, पण एकाची चूल विझली म्हणून दुसऱ्याची विझत नाही." तेव्हापासून सगळा कारखाना त्यांना बिऱ्हाडंच म्हणू लागला. दुकानांच्या ऑर्डरी घेणारं एक, साठ्याचं एक, हजेरीचं एक, पत्रांचं एक, आणि अगदी अलीकडे आलेलं पाचवं म्हणजे पाकिटांवरची लेबलं छापणारं.

काही बिघडलं की नंबरताई आधी चष्मा पुसत आणि विचारत, "काल काय बदललं?" त्यासाठी एक वहीच होती. आपण केलेला प्रत्येक बदल, तारीख-वेळेसकट. त्यांचं म्हणणं, यंत्र स्वतःहून कधी बिघडत नाही, माणूस त्याला बिघडवतो आणि मग साळसूदपणे विचारतो, काय झालं हो?

पण या वेळी वहीत बिघाडाच्या आदल्या दिवसांचं काहीच नव्हतं. आणि ऑर्डरींच्या बिऱ्हाडाचं नेटवर्क मात्र रोज जात होतं.

रोज म्हणजे सकाळी नव्हे. सकाळी आठ ते साडेदहा-अकरा सगळं सुरळीत. मग दुकानांकडून येणारी ऑर्डर अर्ध्यावर अडकायची. दोन मिनिटांनी यायची, परत अडकायची. घासकामाचे कारागीर हात पुसत उभे. दुकानदार फोनवर ओरडायचे. नंबरताई सगळी बिऱ्हाडं बंद करून पुन्हा चालू करायच्या, की तासभर शांतता, आणि मग पुन्हा तेच.

अशा वेळी कारखान्यातला प्रत्येक जण इंजिनिअर होतो. एक म्हणाला, अकराला चहाची किटली लागते, ती वीज ओढते. किटली आठवडाभर बंद झाली, नेटवर्क होतं तसंच जात राहिलं, वर लोकांची तोंडंही वाकडी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दुसरा म्हणाला, पॉलिशच्या मशीनचा हादरा बसतो. तिसऱ्याने लिफ्टवर संशय घेतला. नंबरताईंनी तारा बदलल्या, भिंतीतले जोड तपासले, गुडघ्यांना न विचारता टेबलाखाली रांगल्या. प्रत्येक बिऱ्हाडाचा पत्ता उघडून पाहिला. पाचांचे पाच वेगळे. त्यांनीच तर दिले होते.

दोन आठवडे असे गेल्यावर सोमवारी धाकटे मालक दारात येऊन उभे राहिले. बत्तीस वर्षांचा तरुण, मनाचा चांगला, पण वाक्य संपायच्या आत निघायची घाई.

"ताई, शुक्रवारी चारला बाहेरच्या कंपनीचे इंजिनिअर येताहेत. तोवर नेटवर्क लागलं तर लागलं. नाहीतर ही खोली त्यांच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. किती दिवस दुकानदारांच्या शिव्या खाऊ?"

"आणि मी कुठे जाऊ?"

"तुम्ही परत तपासणीला या की! तुमच्यासारखी नजर आहे का कुणाची तिथे? बाबा नेहमी सांगायचे." आणि ते गेले.

नंबरताई खुर्चीत बसल्या. थोरले मालक वारले तेव्हा ती डोळ्यांची गोष्टही त्यांच्याबरोबर गेली होती. धाकट्यांना काही माहीत नव्हतं. तपासणीच्या टेबलावर परत जाणं म्हणजे चार दिवसांत उघडं पडणं, आणि मग घरी. घरी बसायला त्यांची ना नव्हती, पण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या दिवशी. अशी ढकलून नव्हे.

घरी त्यांनी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "बघू." तो तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. गाडी कुठेही बंद पडली तरी आधी "बघू" म्हणायचं आणि मग उतरायचं, ही त्याची रीत. सासूबाई पंच्याऐंशीच्या. ऐकू कमी येई, पण जे ऐकू नये ते बरोबर यायचं.

"काय गेलंय म्हणतेस?"

"नेटवर्क, आई. जोडणी. मध्येच तुटते."

"मध्येच तुटते, मध्येच लागते?"

"हो."

"मग तुटली नाहीये. कुणीतरी मध्ये येतंय." सासूबाईंनी शांतपणे पेपर उलटला. "तुझा सासरा फोनवर बोलताना मी अशीच मध्ये मध्ये यायचे."

नवरा खो-खो हसला. नंबरताईही हसल्या आणि विसरून गेल्या. घरच्या माणसाचं शहाणपण आपण कधी वेळेवर ऐकतो?

मंगळवारी त्यांनी ऑर्डरींच्या बिऱ्हाडाचं नेटवर्कचं सगळं काढून नव्याने बसवलं. आणि बुधवारी चमत्कार झाला. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले, एकही ऑर्डर अडकली नाही. घासकामाच्या दालनातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धाकटे मालक स्वतः येऊन "वा, ताई!" म्हणून गेले. नंबरताईंनी किटलीवरची बंदी उठवली. वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: "दुरुस्त." खाली दोन रेघा.

गुरुवारी पावणेअकराला ऑर्डरी अडकल्या.

हे दुखणं पहिल्यापेक्षा वाईट. नापास होण्याचं काही नाही, पण पेढे वाटून नापास होणं फार लागतं. धाकटे मालक या वेळी आलेच नाहीत. निरोप पाठवला, उद्या चार वाजता इंजिनिअरांना आपण दोघांनी भेटायचं आहे, खोली आवरून ठेवा. नंबरताईंनी खोली आवरली नाही. चष्मा पुसला, "दुरुस्त"वर काट मारली, आणि त्या दिवशी सरळ पाचला घरी गेल्या.

शुक्रवारी दहा वाजता त्या वही घेऊन कारखान्यात फिरायला निघाल्या. म्हणाल्या, माझ्या वहीत काही नाही, तर दुसऱ्यांच्या डोक्यात बघू. प्रत्येक विभागात एकच प्रश्न: "बुधवारी तुम्ही काय वेगळं केलंत?" घासकामवाले म्हणाले, काही नाही. साठ्यावरचा म्हणाला, बुधवारी माझं पोट बिघडलं होतं. तेही त्यांनी लिहून घेतलं, जिद्द म्हणतात ती अशी.

शेवटी पॅकिंग. तिथे राज्य पॅकिंगच्या काकूंचं. काकू म्हणजे गरीब गाय. बारा वर्षांत त्यांनी कुणाची, कशाची तक्रार केलेली नव्हती. खुर्चीचा एक पाय आखूड होता, तर त्याखाली जुन्या काचांचं पाकीट ठेवून बसायच्या.

"बुधवारी?" काकू म्हणाल्या. "बुधवारी मला कामच नव्हतं, ताई. काचांवर लेप द्यायची भट्टी धुवायला काढली होती ना. काचाच आल्या नाहीत तर पाकिटं कसली भरू? लेबलांचं बिऱ्हाड मी चालूच केलं नाही."

नंबरताईंची पेन्सिल थांबली.

"रोज किती वाजता चालू करता?"

"भट्टीतून पहिला ट्रे आला की. साडेदहा म्हणा, अकरा म्हणा."

"आणि नीट चालतं ते?"

काकू घुटमळल्या. "चालतं हो. मध्येच लेबल अडकतं अर्धं. मग मी परत दाबते. येतं दुसऱ्या-तिसऱ्यांदा."

"अडकतं? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. दोन आठवडे झाले की छापायचं मशीन येऊन."

"दोन आठवडे!" नंबरताई इतक्या जोरात ओरडल्या की पाकिटांची चळत पडली. "अहो काकू, मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही बिचाऱ्या आधीच टेबलाखाली रांगत होतात. त्यात माझी आणखी कटकट कशाला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. काकूंचा हा चांगुलपणा कारखान्याला किती महागात पडला ते देवच जाणे. मूग गिळून बसणाऱ्या माणसांचं कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बंद व्हायला हवी.

मग दोघींनी प्रयोग मांडला. नंबरताई खोलीत पडद्यासमोर, काकू पॅकिंगमध्ये, आणि मधल्या दालनात निरोप पोचवायला घासकामाचे सगळे कारागीर, कारण ऑर्डरी नाहीत तर त्यांना तरी दुसरं काय काम होतं?

"लेबल चालू करा!"

"चालू करा म्हणे!" "चालू करा हो काकू!" "केलं!" "केलं म्हणतात!"

पडद्यावर ऑर्डरी अडकल्या.

"बंद करा!"

"बंद!" "बंद म्हणे!" "अहो, आत्ताच तर चालू केलं!" "वाद घालू नका काकू, बंद करा!"

ऑर्डरी धडधड आल्या. चालू, अडकल्या. बंद, आल्या. पाचव्या खेपेला सगळं दालन तालात ओरडत होतं, आणि पॉलिशवाला तर टेबलावर ठेका धरून होता. दोन आठवड्यांत त्या दालनात इतका आनंद कुणी पाहिला नव्हता.

पण कळलं ते एवढंच की ही दोन बिऱ्हाडं एकमेकांच्या मध्ये येतात. सासूबाईंचे शब्द आठवून नंबरताईंनी स्वतःलाच एक शिवी दिली. का मध्ये येतात ते अजून कळायचं होतं. पत्ते तर वेगळे होते! त्यांनी माहितीपुस्तक काढलं. मशीनला आपण देतो तो पत्ता एक, तो हवा तेव्हा बदलता येतो. पण त्याखाली आणखी एक ओळख असते, नेटवर्कच्या कार्डावर जन्मतःच कोरलेली बारा अक्षरांची खूण. नेटवर्क शेवटी मशीन ओळखतं ते त्या खुणेवरून. नंबरताईंनी दोन्ही बिऱ्हाडांच्या खुणा उघडल्या, अक्षरं बोटाएवढी मोठी केली, एकाखाली एक लावली.

बाराच्या बारा अक्षरं सारखी.

त्या तशाच उठल्या आणि घासकामाच्या काकांकडे गेल्या. काका म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. चाळीस वर्षं एकाच खिडकीशी. नंबरताई नोकरीला लागल्या तेव्हा काम शिकवलं ते त्यांनीच. काच घासतात ती धातूच्या वाटीवर. वाटी झिजली की तशीच दुसरी करायची, आणि नव्या वाटीवर जुनीचीच खूण कोरायची, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या चष्म्याचीही काच तंतोतंत तशीच घासता येते. पहिल्या आठवड्यातच काकांनी दरडावलं होतं: नक्कल करशील तेव्हा मूळ खूण बदलायची नाही!

"काका," नंबरताई म्हणाल्या, "महिन्यापूर्वी सुट्टीच्या आठवड्यात, छापायचं मशीन यायच्या आधीच, मी लेबलांचं बिऱ्हाड करून ठेवलं, म्हणून वहीत ते नजरेत आलं नाही. ऑर्डरींचं चांगलं चाललं होतं, म्हणून त्याचीच नक्कल काढली. काढताना मशीनने विचारलं, खूण नवीन देऊ की मूळची ठेवू? आणि तुमचा हा हात आहे ना, तो माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, मूळची."

काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. "बरोबर केलंस की."

"नाही ना! दोघांची खूण एक झाली. निरोप येतो एकाचा, जातो दुसऱ्याकडे. पोस्टमननं करायचं काय?"

काकांनी क्षणभर विचार केला, आणि मग त्यांचे खांदे हसून हलायला लागले. "अगं वेडे, नवी वाटी केली की जुनीचं आपण काय करतो?"

"मोडीत टाकतो."

"एका खुणेच्या दोन वाट्या इतक्या वर्षांत कधी एका टेबलावर पाहिल्यास? तू अर्धाच धडा शिकलीस!"

"तुम्ही अर्धाच शिकवलात!"

"मी अर्धा दाखवला होता हातानं. तू नुसतं ऐकलंस."

नंबरताई खोलीत परतल्या, लेबलांचं बिऱ्हाड बंद केलं, नवीन खूण देण्याचं बटण दाबलं, चालू केलं. काम दोन मिनिटांचं. पॅकिंगमधून लेबलांचा सपाटा सुरू झाला. काकूंना तीनदा बटण दाबायची सवय, त्यामुळे प्रत्येक पाकिटाची तीन-तीन लेबलं बाहेर आली. ऑर्डरीही येत राहिल्या. एक वाजला, दोन, तीन. काहीही अडकलं नाही.

चारला धाकटे मालक आले, त्यांच्याबरोबर बाहेरच्या कंपनीचे इंजिनिअर, हातात जाड फाइल. दालनातला प्रत्येक जण काच घासल्याचं नाटक करत खिडकीकडे कान देऊन होता.

"लागलं म्हणे?" मालक सावधपणे म्हणाले. बुधवार त्यांच्याही लक्षात होता. "की परत सोमवारी..."

"नाही. या वेळी कारण सापडलंय. चूक माझी होती." आणि त्यांनी खुणेची सगळी गोष्ट सांगितली, वाटीसकट.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुमची? ताई, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधी कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं. तुम्हाला यातलं काही कळत नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी खोकलं.

"आणि बसल्या बैठकीत दुसरंही ऐका. माझी नजर अधू आहे, चार वर्षं झाली. तुमच्या बाबांना माहीत होतं. मला तपासणीच्या टेबलावर पाठवाल तर तुमच्या गिऱ्हाइकांना वाकडं दिसेल. या खोलीत मला अक्षर मोठं करून दिसतं, इथे मी उपयोगाची आहे. आता काय ते ठरवा. पण ठरवताना निघायची घाई करू नका, पूर्ण बसून ठरवा."

मालक खरंच बसले. जागा एकच होती, उलटी ठेवलेली बादली. इंजिनिअरांनी एव्हाना फाइल बाजूला ठेवून दोन्ही खुणा, जुनी आणि नवी, पडद्यावर पाहिल्या होत्या. माणूस प्रामाणिक निघाला.

"खरं सांगू का, साहेब? आमच्या पद्धतीत आम्ही आधी हा सर्व्हरच बदला म्हटलं असतं. मग त्या तारा. खुणेपर्यंत यायला महिना गेला असता. आणि ती पॅकिंगची बाई आमच्याशी बोलली नसती."

"ती कुणाशीच बोलत नाही," नंबरताई म्हणाल्या.

मालकांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. तेवढं ते नंबरताईंकडून शिकले होते. "खोली तुमचीच, ताई. फक्त एक. ती वही. तुम्ही तुमचेच बदल लिहिता. इतरांनी काय चालू केलं, काय बंद केलं, तेही यायला हवं. सगळ्यांचं."

सूचना चांगली होती. नंबरताईंना राग आला तो एवढ्याचाच, की आपल्याला आधी सुचली नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "आई, तुमचंच खरं. कुणीतरी मध्ये येत होतं."

"मी काय म्हणाले होते?"

"तुम्ही म्हणालात, कुणीतरी मध्ये येतंय."

"ते मला आठवतंय. तू एकदा मोठ्यानं बोल म्हणून विचारलं," सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, "बघू," आणि चहा टाकायला उठला.

सोमवारी सकाळी नंबरताई नवी वही घेऊन पॅकिंगमध्ये गेल्या. "काकू, आजपासून हुकूम आहे. काही अडलं, बिघडलं, खटकलं, की लगेच इथे लिहायचं. बारा वर्षांचं मनात असेल तेही चालेल."

काकू म्हणाल्या, छे हो, माझं काय असायचं. मग वही जवळ ओढली. खुर्चीच्या पायापासून सुरुवात केली. पंख्याचा आवाज, दाराची कडी, पाकिटांचा डिंक, साठ्यावरच्या माणसाचं शिट्ट्या मारणं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अडीच पानं झाली होती, आणि नंबरताई दारात उभ्या राहून पेन्सिलीला टोक करून देत होत्या.